मातीचीं चलच्चित्रें

घरांतील तरुण मुलानें चित्रपटकला शिकावयास जाऊन मातीच्या बाहुल्या हालवीत बसावें, हें पुष्कळ वडील मंडळींस पोरखेळासारखें वाटतें. आमचें मत निराळें आहे.

पडद्यावर एका सेकंदांत 24 चित्रें सरकतात. बाहुलीची एक ठेवण दोन चित्रांपुरती धरली, तरी एका मिनिटास 720 ठेवणी लागतात. हात केंसभर हालवावा, बाजूस व्हावें, चित्र घ्यावें, पुन्हा हालवावा. मध्येंच कॅमेऱ्यास धक्का लागला किंवा खिडकींतील ऊन सरकलें, कीं तो दोष पडद्यावर तत्काळ दिसतो. बाहुलीचा तोल राहावा म्हणून तिच्या पोटांत तारेचा सांगाडा घालतात. माती मात्र न वाळणारी, तेलकट घेतात. प्लॅस्टिसीन नांवाची अशी माती इंग्लंडांत बाथ येथील विल्यम हार्बट ह्या कलाशिक्षकानें 1897 सालीं विद्यार्थ्यांकरितां सिद्ध केली. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस ह्याचें विशेष कौतुक वाटतें.

ह्या कलेंत खरी कसोटी आरंभाची नव्हे, शेवटाची आहे. निक पार्क ह्या इंग्रज विद्यार्थ्यानें बीकन्सफील्ड येथील राष्ट्रीय चित्रपट विद्यालयांत 1982 च्या सुमारास ‘अ ग्रँड डे आउट’ हा मृत्तिकापट आरंभिला. एक गृहस्थ व त्याचा अबोल कुत्रा चीज आणावयास चंद्रावर जातात, एवढेंच कथानक. विद्यालयाचे दिवस सरले, पट सरेना! 1985 सालीं ब्रिस्टलच्या आर्डमन संस्थेनें त्यास काम दिलें आणि तें संभाळून आपला पट पुरा करण्याची मोकळीकही दिली. तो 1989 सालीं पूर्ण झाला. लांबी अवघी 23 मिनिटांच्या आसपास. 1991 च्या ऑस्कर समारंभांत त्याचें नामांकन झालें. पारितोषिक मात्र पार्कच्याच ‘क्रीचर कम्फर्ट्‌स’ ह्या दुसऱ्या मृत्तिकापटास मिळालें.

आपल्याकडेही ही तपश्चर्या अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळके ह्यांनीं 1912 सालीं वाटाण्याचा अंकुर दिवसांमागून दिवस थोडाथोडा टिपून त्याच्या वाढीचा लघुपट केला, आणि त्याच्याच बळावर भांडवल देणाराचा विश्वास संपादिला.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें, कीं प्रथम दहा सेकंदांचाच पट करावा. 120 ठेवणींत आपलें धैर्य आपणांस कळतें. आतां हातांतील फोनवरही हा अभ्यास होतो. आणि वडील मंडळींस विनंति एवढीच, कीं माणसांनीं भरलेल्या घरांत एका कोपऱ्यांतील मेज आठ दिवस कोणी हालवूं नये, पुसूं नये, आणि “कधीं संपणार?” असें रोज विचारूं नये.