पोचा काढताना

ॲल्युमिनियमचे पातेले हातातून पडले, की त्याला पोचा पडतो. तो ठोकून काढला, तरी पातेले पूर्वीसारखे गुळगुळीत होत नाही. असे का होते, हे अमेरिकेतील जुन्या फिरत्या घरांच्या दुरुस्तीवरून चांगले समजते.

वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली 'क्लिपर' हे मोटारीमागे जोडून ओढत नेण्याचे फिरते घर बाजारात आणले. विमानाप्रमाणे त्याचे कवच ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे असून ते रिवेटांनी सांधलेले होते. या कंपनीची अशी जुनी घरे हौशी लोक आजही जतन करतात.

आघात झाला, की पत्रा केवळ वाकत नाही, तो ताणलाही जातो. ताणलेला पत्रा मूळ जागेत पुन्हा नीट मावत नाही. म्हणून कारागीर प्रथम आतील अस्तर उतरवतो. मग बाहेरून गुळगुळीत ठोकळा धरून तो पोच्याच्या कडेपासून मध्याकडे आतून हलके ठोके देत जातो. अधिक ठोकल्यास पत्रा आणखी ताणला जातो, कडक होतो आणि अखेर तडकतो. खोल घडी पडली असेल, तर तेवढा पत्रा बदलणेच इष्ट ठरते. त्या कामाला दोन माणसे लागतात. एक जण बाहेरून रिवेट ठोकतो, तर दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. दोघांचा मेळ चुकला, तर नव्या पत्र्यालाही पोचा पडतो.

हातोडी कशी चालवावी याइतकेच ती कधी थांबवावी, हे कळणे आवश्यक असते. थोडा पोचा राहिला, तरी घर प्रवासाला निघू शकते. तडकलेल्या पत्र्यातून मात्र पावसाचे पाणी आत शिरते.