बहिणीची सही

घर घ्यायचं ठरलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘नव्या स्कीममध्ये घ्या. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, कुणाची कटकट नाही.’ दुसरा म्हणतो, ‘जुन्या, वसलेल्या कॉलनीत घ्या. झाडं आहेत, शेजार आहे. रात्री-अपरात्री दार वाजवलं तर कुणीतरी उघडेल.’ मी पहिल्यापासून दुसऱ्या पक्षातली. पण मैत्रिणींनो, वसलेल्या वस्तीतलं घर म्हणजे कुणीतरी आधी राहून गेलेलं घर. त्या घरात एक संसार झालेला असतो, मुलं वाढलेली असतात, लेकी सासरी गेलेल्या असतात. आपण विटा-मातीचे पैसे मोजतो, पण विकत घेतो तो त्या सगळ्यांचा हक्क. त्यातल्या एकाचा जरी राहून गेला, तर पुढची कित्येक वर्षं झोप उडते.

आम्ही सांगलीचे. सांगलीत घर बघताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो, पुराचा असतो! ‘2005 ला पाणी कुठवर आलं होतं? 2019 ला किती?’ हे विचारल्याशिवाय इथं कुणी घराची पायरी चढत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. आम्ही तेव्हा गावभागात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. पाणी ओसरल्यावर गाळ उपसणं, भांडी धुणं, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकणं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वेळी गाळ काढता काढता मी यजमानांना म्हटलं, ‘आता आपलं घर उंचावर.’

सांगलीत उंचावर म्हणजे विश्रामबाग. सांगली-मिरज रस्त्यावरचा हा भाग. विलिंग्डन कॉलेज, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, त्यांच्या आजूबाजूनं प्राध्यापकांनी, बँकेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या माणसांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली छोटी छोटी बैठी घरं. पुढे तुळस, मागे नारळ नाहीतर शेवगा, कंपाउंडला लोखंडी फाटक. दुपारी एवढी शांतता की कुकरची शिट्टी तीन घरं पलीकडे ऐकू जावी. मला तिथलं एक घर पाहताक्षणी आवडलं. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी आणि धुणं वाळत घालायला भरपूर जागा.

आवडलं म्हणून लगेच होकार द्यायचा नाही, हे मात्र पक्कं ठरवलं होतं. वस्ती कळायला ती निरनिराळ्या वेळी बघावी लागते. मी तीन वेळा गेले. एकदा सकाळी, नळाला पाणी येतं तेव्हा. धार किती आणि किती वेळ, हे एजंट कधी खरं सांगत नाही. एकदा रात्री आठनंतर एकटी, रिक्षा कोपऱ्यावर सोडून चालत. दिवे लागतात का, किती घरांत उजेड दिसतो ते बघायला. कारण शांत वस्तीची दुसरी बाजूही असते. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, घरात दोन म्हातारी माणसं, नाहीतर फाटकाला कुलूप. शांत आणि ओसाड यातला फरक रात्रीच कळतो. आणि एकदा गेले भर पावसात, गटार तुंबतं का बघायला. ज्यांच्या गावात नदी आहे त्यांनी आणखी एक करावं. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या पूररेषेत घर येतं का, ते विचारावं. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची.

या पावसातल्या फेरीत समोरच्या काकूंनी मला चहाला आत बोलावलं, आणि तिथंच गोष्टीला वळण लागलं.

काकू चाळीस वर्षं त्या गल्लीत राहिलेल्या. म्हणाल्या, ‘घर चांगलं आहे हो. आमच्या डोळ्यांदेखत बांधलं. तिघं भावंडं तिथंच वाढली. थोरलीचं लग्न तर याच अंगणात मांडव घालून झालं.’

मी कप खाली ठेवला. ‘थोरली? आम्हाला तर दोघे भाऊ म्हणून सांगितलंय.’

‘अहो, बहीण आहे की! कोकणात दिलीय. माई गेल्या तेव्हा आली होती, तेरा दिवस होती.’

घरी येऊन कागद पुन्हा काढले. प्रॉपर्टी कार्डावर आधी वडिलांचं नाव. ते गेल्यावर आई आणि दोन मुलगे. आई गेल्यावर फक्त दोन मुलगे. मुलीचं नाव कुठंच नाही. वारस नोंद करताना ते लावलंच नव्हतं. तिनं हक्क सोडल्याचा कागदही नाही. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, तोही स्वच्छ! बरोबरच आहे. जे रजिस्टरमध्ये लिहिलेलंच नाही, ते सर्चमध्ये कुठून सापडणार? ते समोरच्या काकूंना ठाऊक होतं. जुन्या वस्तीत घर घेण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. कागद विसरतात, वस्ती विसरत नाही.

मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पाटीवर गणित सोडवून दाखवावं तसं समजावून सांगितलं. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. मृत्युपत्र केलेलं नाही. अशा घरात पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा सारखा वाटा, आणि तो 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच. म्हणजे वडील गेल्यावर चार वाटे झाले: आई आणि तीन मुलं. पुढे आई गेली, तिच्या चौथ्या हिश्श्याचे पुन्हा तीन भाग. म्हणजे आज बहिणीचा तिसरा हिस्सा. भावांना जेवढा हक्क तेवढाच ते विकू शकतात. दोघांच्या सहीनं आम्ही पूर्ण किंमत मोजली असती आणि हाती दोन तृतीयांश घर आलं असतं!

‘पण मुलींना हक्क 2005 ला मिळाला ना?’ मी विचारलं. आपल्यापैकी पुष्कळजणींची हीच समजूत असते. वकीलबाई म्हणाल्या, ‘ते वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं. त्यात महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मात्र, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, लेकीचा वाटा कितीतरी आधीपासून आहे.’ (हे हिंदू कुटुंबांपुरतं, इतर धर्मांचे वारसा कायदे वेगळे आहेत, ते आपापल्या वकिलाला विचारावेत.) आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. प्रॉपर्टी कार्डावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, आणि ‘ती काही मागत नाही’ असं तोंडी म्हटल्यानं हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र लिहून, स्टॅम्पवर, रजिस्टर केलेलं लागतं.

आम्ही भावांना सांगितलं, तिघांची सही असेल तरच विसार देऊ.

थोरल्यांचा चेहरा उतरला. ‘अहो, तिच्या लग्नात वडिलांनी भरपूर केलंय. ती चोळी-बांगडीवर खूश आहे. तिला कशाला मध्ये आणता?’ नंतर निरोप आला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आठ दिवसांत काय ते कळवा. एजंट रोज फोन करी. नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, ‘तुला घर पाहिजे का त्यांच्या घरात भांडण लावायचंय? बाईच्या जातीला माहेर तुटलं तर काय उरतं?’ यजमानही चुळबुळ करायला लागले. पुढचा पावसाळा तोंडावर आला होता. हे घर गेलं असतं तर पुन्हा त्याच तळमजल्यावर नदीकडे बघत बसायचं, हे मलाही दिसत होतं.

तरीही मी हटले नाही. कोर्टाची भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. ज्या अंगणात तिचा मांडव पडला त्याच अंगणात, तिला न कळता मी तुळस लावायची? ते मला झेपणारं नव्हतं.

तीन आठवड्यांनी धाकट्या भावानंच बहिणीला फोन केला. घर विकतोय हे तिला तोवर कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं! ती रात्रीच्या एस.टी.नं आली. पन्नाशी उलटलेली, साधी, हातात कापडी पिशवी. वकीलबाईंच्या ऑफिसात थोरला म्हणाला, ‘ताई, तू हक्कसोड करून दे, आम्ही तुला समजून देऊ.’ ती शांतपणे म्हणाली, ‘दादा, आधी विचारलं असतंस तर कदाचित सोडलंही असतं. न विचारता नाही सोडायची.’ त्यापुढे कुणी काही बोललं नाही.

खरेदीपत्रावर लिहून देणार म्हणून तिघांची नावं आली. पैसे तीन वेगवेगळ्या चेकनं, ज्याचे त्याच्या नावावर. हा आग्रहही मीच धरला. सगळी रक्कम एकाच्या खात्यात गेली की पुढे बाईच्या हातात किती पडते ते आपण सगळ्या जाणतो. रजिस्ट्रार ऑफिसात अंगठ्याचे ठसे, फोटो झाले. जाताना तिनं घराच्या मागच्या बाजूचा पाटा-वरवंटा मागून घेतला, ‘आईचा आहे’ म्हणाली. रिक्षात ठेवायला मीच हात लावला.

त्या वर्षी भाऊबीजेला धाकटा तिच्याकडे गेला, थोरला गेला नाही, असं काकूंकडून कळलं. वाईट वाटलं. पण हक्काची सही केली म्हणून जे तुटतं, ते सहीनं तुटलं असं मी म्हणणार नाही. ते आधीच उसवलेलं असतं.

आता आमच्या बाजूची गोष्ट. दस्ताचा मसुदा आला तेव्हा ‘लिहून घेणार’ म्हणून यजमानांचं नाव होतं, माझं त्यांच्याखाली. वकीलबाईंनी विचारलं, ‘एकट्या वहिनींच्या नावावर का घेत नाही?’ महाराष्ट्रात एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याबरोबर जोडनाव असेल तर नाही. पूर्वी अट होती, असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती 2023 मध्ये काढून टाकली. तीस लाखांच्या घराला तीस हजार वाचतात. कर्जाला नवरा सहकर्जदार म्हणून राहू शकतो. यजमानांनी हिशेब केला आणि हसून म्हणाले, ‘चला, तुमच्या नावामुळे किचनच्या फरशीचे पैसे सुटले!’ फरशीच्या निमित्तानं का होईना, नाव लागलं. खरेदीनंतर प्रॉपर्टी कार्डावर आणि घरपट्टीला माझं नाव लावून घेतलं, वीजबिलही बदललं. मात्र नुसतं वीजबिल किंवा घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, हे लक्षात असू द्या. मालकीचा कागद म्हणजे रजिस्टर केलेलं खरेदीपत्र.

हेच घर सोसायटीतला फ्लॅट असतं, तर शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, हेही बघावं लागलं असतं. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागायलाच हवा. आणि सोसायटीनं ट्रान्स्फर प्रीमियम म्हणून अव्वाच्या सव्वा मागितले, तर महापालिका हद्दीत 25 हजारांची मर्यादा आहे, हे ठणकावून सांगावं.

घरात राहायला गेल्यावर आम्ही आणखी एक काम उरकलं. दोघांनी मृत्युपत्रं केली. मला वाटायचं, त्याला फार खटाटोप लागतो. लागत नाही. साध्या कागदावर करता येतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं बरं. त्यात मुलगा आणि मुलगी, दोघांची नावं सारखी. मुलीला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘आई, आत्ताच कशाला हे?’ मी म्हटलं, ‘आत्ताच. म्हणजे उद्या तुला कुणी चोळी-बांगडीवर खूश ठरवायला नको.’

तुमच्या माहेरचं घर कुणाच्या नावावर आहे, वारस नोंद झाली तेव्हा त्यात तुमचं नाव लागलं का, हे तुम्हाला माहीत आहे? प्रॉपर्टी कार्डाचा उतारा सिटी सर्व्हे ऑफिसात थोड्या पैशांत मिळतो, आता संगणकावरही निघतो. हक्क घ्यायचा की भावाला आनंदानं द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण उतारा एकदा बघून तरी या.