खंडोबाचा किडा विषारी असतो का? हातात घेतला तर काय होतं?

मागच्या आठवड्यात आमच्या तुरीत खुरपणी चालू होती. खुरपता खुरपता एका काकूंच्या खांद्यावर हिरवागार, बोटाएवढा लांब किडा येऊन बसला. पुढचे दोन पाय जोडलेले, मान वळवून सगळ्यांकडे टकामका बघतोय. काकू ओरडल्या, "आरं मार त्याला, इखारी असतंय त्ये!" पुतण्याने खुरपं उगारलंच होतं. मी हात पुढे केला, किडा हातावर चढला, तो नेऊन बांधावरच्या बोरीवर सोडला. त्यानंतर दुपारच्या भाकरीपर्यंत बायका माझ्या हाताकडे बघत होत्या, सुजतोय का म्हणून.

सुजला नाही. सुजणारही नव्हता, कारण या किड्याकडे विषच नसतं.

याला कुणी खंडोबाचा किडा म्हणतं, कुणी खंडोबाचा घोडा. पुस्तकात प्रार्थना कीटक असं नाव आहे. कित्येक जण याला नाकतोडाच समजतात, पण दोघांचा धंदा वेगळा. नाकतोडा पानं खातो, हा पानाला तोंड लावत नाही. हा शिकारी आहे. जोडलेले हात दिसतात ते नमस्काराचे नाहीत, तो सापळा आहे. त्या पायांना आतून करवतीसारखे काटे असतात. माशी, पतंग, अळी टप्प्यात आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पकडतो आणि जिवंतच खायला सुरुवात करतो. त्याचं मुंडकं चांगलं मागेपर्यंत वळतं, म्हणून तो आपल्याकडे रोखून बघतोय असं वाटतं आणि माणूस घाबरतो.

आता मुद्द्याचं. याला विंचवासारखी नांगी नाही, गांधीलमाशीसारखा डंख नाही. जबडा आहे, पण तो किडे चावायला. माणसाला सहसा चावत नाही, चावलाच तर चिमटा बसल्यासारखं होतं. खरा त्रास होतो तो पुढच्या पायांच्या काट्यांचा. पोटाला धरून दाबला की तो वळून बोटाला मिठी मारतो आणि काटे रुततात. मोठी मादी असेल तर रक्ताचा एखादा थेंबही येतो. साबणाने हात धुवायचा, झालं. बोटाला घट्ट धरलंच तर झटका मारून ओढू नका. त्याचा पाय तुटतो आणि पंख फुटलेल्या मोठ्या किड्याला तो परत येत नाही. थोडं थांबलं की स्वतःच सोडतो.

धरायचा असेल तर वरून चिमटीत धरूच नये. त्याच्या पुढ्यात हात आडवा ठेवायचा आणि मागून दुसऱ्या बोटाने हळूच ढोसायचं. तो आपसूक चढतो. चढल्यावर उंचीकडे जायची त्याला सवय, म्हणून हातावरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर जातो. पोरांच्या हातात देताना तोंडाजवळ, डोळ्याजवळ जाऊ देऊ नका, एवढीच काळजी. पंख फुलवून, पाय फाकवून उभा राहिला तर समजायचं की तोच आपल्याला भ्यालाय. अशा वेळी सोडून द्यावा. उलटा लटकून कात टाकत असेल तेव्हा तर हात लावूच नये, पडला की कामातून गेला. पोट फुगलेली मादीही उंचावरून पडली तर पोट फुटून मरते.

कधी कधी मेलेल्या किंवा पाण्यात पडलेल्या किड्याच्या पोटातून केसासारखा लांब काळा जंत वळवळत बाहेर येतो. तो बघून लोक जास्तच घाबरतात. तो किड्यांच्या पोटात वाढणारा जंत आहे, माणसाच्या अंगात राहत नाही.

मग शेतात हात कुठे लावू नये? आहेत की तसे किडे. 2022 च्या सप्टेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यासह राज्यात ठिकठिकाणी घोणस अळीच्या बातम्या आल्या होत्या, आठवत असेल. तिच्या अंगावरचे काटे टोचले की विंचू चावल्यासारखी आग होते, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. चिकटपट्टी लावून काटे उपसायचे, बर्फ लावायचा, खाण्याच्या सोड्याचा लेप द्यायचा, आणि त्रास वाढला तर डॉक्टर गाठायचा. त्या वेळी माणूस पाच मिनिटांत मरतो असे खोटे मेसेजही फिरले आणि तेव्हापासून प्रत्येक हिरवं वळवळणारं अंगावर आलं की लोक खुरपं उचलतात. बाजरीवर येणारे हिंगेही तसेच. अंगावर चिरडले तर फोड येतात, म्हणून ते झटकायचे, चिरडायचे नाहीत. या दोघांचा राग खंडोबाच्या किड्यावर निघतो.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फवारणी झालेल्या रानातला किडा उघड्या हाताने उचलू नका. किड्यात विष नाही, पण त्याच्या अंगावर आपण मारलेलं औषध असतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. ज्या औषधाने माणूस जातो ते अंगावर पडलेला किडा पोरांच्या हातात खेळायला द्यायचा नसतो. लंगडत, थरथरत चालणारा किडा दिसला तर त्याला औषध लागलंय असं धरून चालायचं.

हा किडा शेतकऱ्याचा मित्र असं सरसकट लिहिलं जातं. ते बरंचसं खरं आहे, सगळं नाही. तो अळ्या, पतंग, टोळ खातो, तसाच मधमाशी आणि ढालकिडाही खातो. सापडला तर आपला भाऊबंदही सोडत नाही. मादी कधी कधी नरालाच खाते. त्यामुळे चार किडे आणून सोडले की बोंडअळी गेली, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण आपल्या रानात फुकट राबणाऱ्याला मारायचं कशाला, एवढं तरी कळायला हवं. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी घरातल्या बल्बवर जे येतात ते बहुतेक नर असतात. लाईट बंद केली की जातात, झाडूची गरज नाही.

तुरीच्या, बोरीच्या काड्यांवर फेस वाळल्यासारखा तपकिरी गोळा चिकटलेला दिसतो. तो पुष्कळांना रोग वाटतो. ती याची अंडी आहेत, एका गोळ्यात कितीतरी. तूर काढल्यावर आपण तुराट्या चुलीत घालतो, त्यात हे गोळेही जळतात. अशी काडी दिसली की मी ती वीतभर मोडून बांधावरच्या झुडपात खोचून ठेवतो. परवा त्या काकूंना एक दाखवली. त्यांनी हात लावला नाही, पण "ह्यातनं पिल्लं कवा निघत्यात?" असं विचारलं. ऊब आणि पाऊस मिळाला की निघतात, मुंगीएवढी असतात, असं सांगितलं.