पेपरात ऐंशी मार्क, पण तोंड उघडेना



लागवड, खोडवा, रिकव्हरी यांवर या पानांतून आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस विषय पोरांच्या इंग्रजीचा आहे. तोही आपल्या घरचाच.

मध्यंतरी कामानिमित्त जालन्यास गेलो असता मस्तगडापाशी आपल्याच एका सभासदाचा मुलगा भेटला. बारावी पास, इंग्रजीत ऐंशी मार्क. आम्ही बोलत उभे असताना बियाण्याच्या कामासाठी आलेल्या एका परप्रांतीय पाहुण्याने त्याला इंग्रजीतून स्टेशनचा रस्ता विचारला. पोरगा नुसता हात दाखवत राहिला. पाहुणा गेल्यावर मान खाली घालून म्हणाला, "काका, समजलं सगळं, पण तोंडातून शब्द निघंना." उद्या मुलाखतीला बसल्यावर हेच व्हायचे, आणि नोकरी दुसऱ्याला जायची.

दोष पोराचा नाही. मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षे तो इंग्रजी शिकला; पण वर्गात बोलले ते मास्तर. साठ पोरांच्या वर्गात एकेकाला उभे करून बोलते करावयाचे म्हटले, तर एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट येतो. काठावर बसून कोणी पोहायला शिकले आहे काय?

यावर तोड आहे. बंगलोरात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण घोकून घेण्याऐवजी पोरांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असली कामे इंग्रजीतून सोडवायला दिली. जगभरच्या शिक्षकांनी त्याची दखल घेतली. गंमत अशी की, खुद्द प्रभूंचा जोड्या-गटांवर फारसा भरवसा नव्हता. पोरे एकमेकांच्या चुका उचलतील असे त्यांना वाटे. ही भीती अगदीच खोटी नव्हे. तरीपण आमचे मत असे की, चुकत बोलणाऱ्याला सुधारता येते, गप्प बसणाऱ्याचे काय सुधारायचे?

मस्तगडाचेच बघा. जोडीतल्या एका पोराकडे स्टेशनपासून गडापर्यंतचा नकाशा, दुसऱ्याकडे तोच, पण नावे पुसलेला. एकमेकांचा कागद बघावयाचा नाही. मग इंग्रजीतून विचारल्याशिवाय गत्यंतरच नाही! दुसऱ्या दिवशी चौघांत चार चिठ्ठ्या. एकीवर, आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने गड बांधला. दुसरीवर, साल १७२५. तिसरीवर, फारसी शिलालेख. चौथीवर, आतली दालनांची मोठी विहीर. चौघांनी आपापली चिठ्ठी सांगून मिळून पाच वाक्ये जुळवायची. वर्गापुढे कोणी बोलायचे ते मास्तर ऐनवेळी ठरवणार, म्हणजे चौघांनाही तयार राहावे लागते. मास्तरांनी बाकांमधून हिंडावे, मध्येच टोकू नये, चुका वहीत टिपाव्यात आणि शेवटची दहा मिनिटे फळ्यावर घ्यावीत. पोरे मधूनच मराठीत घुसणारच, वर्गात कालवाही होणार. तेवढा सोसावा.

आपल्या शेजारच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत तर २०१९ साली पोरांनी रोबोटच्या ओढीने जपानी शिकायला घेतली. ज्यांना आली ती 'विषय मित्र' होऊन बाकीच्यांना शिकवू लागली. खेड्यातल्या पोरांना जपानी जमते, तर इंग्रजीचे काय घेऊन बसलात?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले कित्येक सभासद त्यात आहेत. तिथे पत्रे आणि रंगरंगोटीवर तासन् तास जातात. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: "गुरुजी, आमचं पोर इंग्रजीच्या तासाला स्वतः किती बोलतं?" फी भरून दूरच्या इंग्रजी शाळेत पोरगं धाडण्याआधी हे विचारून पाहायला पैसा लागत नाही.

चिठ्ठ्या-नकाशांसाठी कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरांचे कागद चालतील. मागची बाजू कोरीच असते. ज्या शाळांना हवे असतील त्यांनी आपल्या शेतकी गट कार्यालयातून न्यावेत.