गळतीचा माग

ऑइल जिथे ठिबकतं तिथूनच ते गळत असेल, असं नाही. सुरतच्या उधन्यातल्या एका गॅरेजात हे नीट बघायला मिळालं. उधना, लिंबायत, डिंडोली हा पट्टा खानदेशी माणसांनी भरलेला; कोणी यंत्रमागावर, कोणी पाना-पक्कड घेऊन. इथले मिस्त्रीही तिकडचेच. समोर 1998 ची कार्बोरेटरवाली मारुती 800 उभी होती. मालक निदान बाहेरूनच घेऊन आले होते: क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

मिस्त्रींनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला. हिरवट डाग असता तर कूलंट, दाट आणि उग्र वासाचा असता तर गिअर ऑइल. हा काळपट, म्हणजे इंजिनाचाच. मग पोऱ्याला म्हणाले, "आधी धुऊन काढ."

हे धुणं बघायला कंटाळवाणं, पण सगळं निदान त्यावरच उभं असतं. जुन्या इंजिनावर ऑइल आणि धुळीचा जो थर बसतो, त्यात आजची गळती कोणती आणि पाच वर्षांपूर्वीची कोणती हे कळत नाही. इंजिन थंड असतानाच डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, डिझेल आणि ब्रशने सगळं खरवडलं, हवा मारून कोरडं केलं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर पत्र्याचं. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात ही गाडी अडाजणला पाण्यात होती, हे कळल्यावर मिस्त्रींनी ते बोटांनी चाचपून पाहिलं. गंज होता, भोक नव्हतं.

नंतर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी उधना-मगदल्ला रोडवर फिरवून आणली. ऑइल वजनाने खाली उतरतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून शोध वरून खाली, पुढून मागे. बॅटरीच्या उजेडात छोटा आरसा फिरवताना पावडरीत ओली रेघ दिसली. थेंब गिअरबॉक्सच्या सांध्याशी लोंबत होता, पण रेघ सुरू होत होती वर, डिस्ट्रिब्युटर हेडला बसतो तिथून. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाशी असतो, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिथली रबरी रिंग काढली तर वाकवताच तुटली. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालं होतं.

"हे सील नाही भाऊ, ही रिंग आहे," एवढंच मिस्त्री बोलले. काही रुपयांची वस्तू. गिअरबॉक्स उतरवला असता तर एका दिवसाची मजुरी गेली असती, आणि गळती तशीच राहिली असती.

तरी काम संपलं नव्हतं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून त्यांनी वर तळहात धरला. पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवा. नळी तुंबली की आतला दाब सगळ्यात कच्च्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो, नवं सीलही टिकत नाही. इथे नळीत काळा गाळ साचला होता. ही तपासणी बहुतेक गॅरेजात कोणी करत नाही, आणि 'पॅकिंग बदललं तरी गळतंच' ही तक्रार बरेचदा इथूनच येते.

टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बदललं. नट हलक्या हाताने आवळले, कारण जास्त ताकद लावली की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि पॅकिंग पिचकतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर, तेही चिमूटभर. आत सुटलेला तुकडा चेंबरमधल्या गाळणीत जाऊन अडकतो, मग गळतीपेक्षा मोठं दुखणं. घट्ट ऑइल भरून गळती दाबायचा सल्ला मालकांना कोणीतरी दिला होता. मिस्त्री त्यावर नुसते हसले.

तुमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायला कोणी सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: इंजिन धुऊन पाहिलंत का?