त्रेसष्ट की छत्तीस?

पहिली-दुसरीतलं मूल शंभरपर्यंत घडाघडा अंक म्हणतं, पण ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं की ३६ लिहून मोकळं होतं. हा आळस नव्हे. मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतं. ‘एकोणतीस’ तर ऐकू येतं तिसासारखं आणि लिहायचं असतं २९!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, ते याच अडचणीमुळे. त्यावर थट्टा आणि वाद भरपूर झाले. नावं कोणतीही ठेवा, मूळ प्रश्न दशक समजण्याचा आहे.

त्यासाठी खराट्याच्या काड्या पुरतात. दहा काड्या मुलालाच मोजू द्या, रबरबँड लावून गठ्ठा करू द्या. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या म्हणजे ६३. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या म्हणजे ३६. दोन्ही शेजारी मांडले की फरक डोळ्यांना दिसतो.

आता ४२ मधून १७ काढायला सांगा. दोन सुट्यांतून सात कशा जाणार? थोडा वेळ थांबा. मूल स्वतःच एक गठ्ठा सोडेल. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक काढला, उरले दोन. उत्तर २५. वहीतला ‘उसना’ दहा म्हणजे हाच सुटलेला गठ्ठा.

आणि उत्तर बरोबर आलं तरी एवढं विचाराच : “कसं काढलंस?”