त्वचेखालचें रक्त

पायरीवरून पाय घसरतो, दाराची कड गुडघ्यास लागते, आणि दुसऱ्या दिवशीं त्या जागीं काळानिळा डाग उमटतो. घरांत त्याला मुका मार म्हणतात, आंबेहळद उगाळून लावतात आणि विसरून जातात. वैद्यकांत मात्र अशा डागांना निरनिराळीं नांवें आहेत. त्यांतील भेद कळला, तर कोणता डाग आपोआप जाऊं द्यावा आणि कोणता डॉक्टरांस दाखवावा हें ठरविणें सोपें जातें.

सर्वांचें मूळ एकच. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त बाहेर पडून त्वचेखालीं उतरतें. बोथट आघातानें, त्वचा न फाटतां, आंत जी इजा होते तिला 'कन्ट्यूजन' म्हणतात. हें नांव कारण सांगतें. इतर नांवें आकार सांगतात. टांचणीच्या टोकाएवढे ठिपके ते 'पेटीकिया'. साधारण तीन मिलिमीटरांपासून एक सेंटिमीटरपर्यंतचे डाग ते 'पर्प्युरा'. जांभळा रंग देणाऱ्या समुद्री गोगलगाईच्या ग्रीक नांवावरून हा शब्द आला. त्याहून मोठा, पसरट डाग तो 'एकिमोसिस'. रक्त न पसरतां एके ठिकाणीं सांचून राहिलें कीं तो 'हिमॅटोमा'. कपाळावरचें टेंगूळ हें त्याचें नेहमींचें उदाहरण होय.

रंगावरून हे प्रकार ठरत नाहींत. सांचलेल्या रक्तांतील तांबडें द्रव्य विघटित होऊं लागलें कीं प्रथम हिरवें बिलिव्हर्डिन व नंतर पिवळें बिलिरुबिन तयार होतें. काविळींत डोळे पिवळे करणारें द्रव्य तें हेंच. म्हणून निळा डाग हिरवट, मग पिवळट होऊन बहुधा दोन आठवड्यांत मावळतो.

मोठ्या डागाचें भय अधिक वाटतें. पण त्याच्यामागें बहुधा आठवणींतला मार असतो. बारीक ठिपके कांहीं न लागतां, न दुखतां उमटतात, आणि घामोळें समजून त्यांकडे दुर्लक्ष होतें. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट कणिका कमी झाल्या कीं ते दिसूं लागतात. डेंग्यूच्या तापांत असें घडतें. मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या एका घातक जंतुरोगांतही ते उमटतात.

यांची एक परीक्षा घरीं करतां येते. स्वच्छ कांचेचा पेला डागावर दाबून पाहावा. साध्या पुरळाची लाली दाबाखालीं फिकी पडते, कारण तेथें रक्त वाहिन्यांतच असून बाजूस सरकतें. वाहिनीबाहेर पडलेलें रक्त सरकत नाहीं; ठिपका तसाच राहतो. तापांत असे ठिपके दिसल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि मध्यंतरीं ॲस्पिरिन देऊं नये. त्यानें रक्तस्राव वाढतो.

डोक्यास मार लागल्यावरही टेंगळाच्या आकारावर विसंबूं नये. कवटीच्या आंतला हिमॅटोमा बाहेरून दिसत नाहीं. वांती, वाढती डोकेदुखी वा अकालीं गुंगी हीच त्याची खूण. तेथें लेपाचा उपयोग नाहीं.